बेळगाव-खानापूरच्या रानात माकडं-वानरांचे फोटो काढायचे असतील तर

बेळगावहून गोव्याकडे किंवा कोकणात उतरताना घाटात गाडी जरा हळू झाली की कठड्यावर माकडं दिसतात. नवखा माणूस तिथंच थांबतो, चिप्सचं पाकीट फोडतो आणि मोबाईल पुढे करतो. घरी येऊन बघतो तर सगळे फोटो सारखेच: हात पसरलेलं माकड, मागे डांबर आणि कुणाच्या तरी गाडीचा बंपर. त्यात रान नाही आणि कळपही नाही.

मी खानापूर तालुक्यातली. बाहेरून येणारे ओळखीचे लोक दरवर्षी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. माझा आग्रह एकच आहे. ज्या माकडाला तुमच्याकडून काहीही नको आहे, त्याचाच फोटो काढा. ते जगतं कसं, हे त्याच फोटोत दिसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आधी ओळख करून घ्या

आपल्याकडे ठळकपणे दोन जाती भेटतात.

पहिलं लाल तोंडाचं माकड. रंग तपकिरी, चेहरा गुलाबी-लालसर, आणि डोक्यावरचे केस मधून भांग पाडल्यासारखे चारी बाजूंना पसरलेले. त्यामुळे टोपी घातल्यासारखं वाटतं. शेपटी जवळपास अंगाइतकी लांब. ही जात फक्त दक्षिण भारतात आढळते. उत्तरेकडच्या देवळांत आणि शहरांत दिसणारं आखूड शेपटीचं माकड वेगळं. गालांच्या आत पिशव्या असल्यानं हे माकड मिळेल ते पटापट तोंडात कोंबतं आणि झाडावर जाऊन निवांत खातं. म्हणूनच हिसकावण्यात ते तरबेज. रस्त्यावर, स्टेशनात, धबधब्यापाशी आणि देवळापाशी जी माकडं धीट झालेली दिसतात, ती बहुतेक हीच.

दुसरं काळ्या तोंडाचं वानर, गावाकडे वांदर म्हणतात ते. अंग राखाडी, शेपटी अंगापेक्षाही लांब. घाटातल्या वानरांचे हातपाय पुढून काळेभोर असतात. हा पाला खाणारा प्राणी. पाला पचवण्यासाठी त्याच्या पोटाला कप्पे असतात. बहुतेक कळपांत एक मोठा नर, बऱ्याच माद्या आणि पिल्लं असतात. नुकतंच जन्मलेलं पिल्लू काळसर असतं, आणि कळपातल्या इतर माद्याही ते आईकडून मागून घेऊन सांभाळतात. फोटोग्राफरसाठी यापेक्षा देखणं काही नाही.

सिंहपुच्छ माकडाच्या शोधात इकडे येऊ नका. ते उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिरसी-होन्नावरच्या बाजूच्या सदाहरित रानात आहे, आपल्या जिल्ह्यात नाही.

२. जागा आणि मोसम ठरवा

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग सगळ्यांत चांगला: जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडचा रस्ता, आणि दुसऱ्या बाजूला लोंढा, गुंजी, नागरगाळी. बेळगावहून खानापूर सव्वीसेक किलोमीटर. रेल्वे आहे, बस आहे. पण रानाच्या कडेनं सकाळी लवकर फिरायचं असेल तर स्वतःचं वाहन हवं, नाहीतर आदल्या रात्रीच जवळच्या गावात मुक्काम करावा.

घाटरस्त्याचा एक फायदा नवख्यांना माहीत नसतो. दरीच्या बाजूला खालून वर आलेल्या झाडांचे शेंडे रस्त्यावर उभं राहिलं की थेट डोळ्यांसमोर येतात. सपाट रानात वानर वर आणि आपण खाली, त्यामुळे फोटोत पोट आणि पांढरं आभाळ तेवढं येतं. घाटात तेच वानर समोरासमोर मिळतं, आणि मागे दरीची हिरवी किंवा निळसर पार्श्वभूमी. गाडी मात्र वळणावर उभी करू नका. मालवाहू ट्रक तिथून जोरात उतरतात. रुंद जागा बघून गाडी लावा आणि रस्त्याच्या आतल्या बाजूनं चालत मागे या.

गोकाकचा धबधबा आणि सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर ही दोन ठिकाणं लोक नेहमी विचारतात. गोकाकला घटप्रभा १७० फुटांवरून कोसळते. पावसाळ्यात बघण्यासारखं आहेच, पण माकडांच्या फोटोंसाठी अशा गर्दीच्या जागा मी सुचवणार नाही. तिथली माकडं माणसाच्या हातावर नजर ठेवून असतात. यात्रेला गेलात तर प्रसादाची पिशवी सांभाळा, कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

मोसमाचं बोलायचं तर फेब्रुवारी-मार्च उत्तम. झाडांची पानं गळून आतलं दिसू लागतं, सावर आणि पांगारा फुलतात, आणि वानरं ती लाल फुलं खायला हमखास येतात. फुललेली सावर रस्त्यावरून हेरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना तिथं पोहोचा. पिकलेल्या फळांचा उंबर किंवा वडही तसाच. एकदा फळं लागली की काही दिवस कळप तिथून फार लांब जात नाही. कळप शोधत रानभर भटकण्यापेक्षा झाड शोधून थांबणं केव्हाही शहाणपणाचं.

थंडीतल्या सकाळी वानरं उंच फांदीवर सूर्याकडे तोंड करून बसतात. तो तासभर सोडू नका. दुपारी सगळे सुस्तावलेले असतात. उवा काढत बसलेल्या माकडांचे फोटो तेव्हा मिळतात, पण ऊन कडक असतं. पावसाळ्यात धुकं, जळवा आणि अंधार. कणकुंबी, आमगावकडचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्यानं जुलैत कॅमेरा घेऊन यायचं धाडस आधी विचार करूनच करावं. शिवाय पावसाळ्यात धबधब्यांकडे आणि जंगलवाटांवर जायला अनेकदा बंदी असते.

३. परवानगी आणि कागदपत्रं

सार्वजनिक रस्त्यावरून फोटो काढायला कुणाला विचारावं लागत नाही. रस्ता सोडून रानात शिरलात की गोष्ट बदलते. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. विस्तार सुमारे १९० चौरस किलोमीटर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरायला परवाना लागतो, आणि फोटोग्राफी हे परवान्याचं मान्य कारण आहे. म्हणजे सरळ मार्ग उपलब्ध आहे. वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा, ठरलेलं शुल्क भरा, पावती घ्या आणि सांगितलेल्या वाटेनंच फिरा.

जवळ ठेवायचे कागद:

- आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र, आणि त्याची एक झेरॉक्स
- प्रवेश परवान्याची पावती, मोबाईलमध्ये असली तरी छापील प्रतसुद्धा. रानात रेंज जाते
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. तीन राज्यांच्या सीमा इथं जवळजवळ आहेत, तपासणी होते
- जाहिरात, लघुपट किंवा विक्रीसाठी चित्रीकरण असेल तर त्याची वेगळी परवानगी

यात लोक फसतात ते असं: गावातला कुणीतरी म्हणतो, "चला, मी नेतो आतल्या वाटेनं, कोण बघतंय?" जाऊ नका. पकडले गेलात तर दंड तुम्हाला, आणि त्याहून जास्त त्रास त्या गावकऱ्याला, कारण त्याला उद्याही त्याच गार्डसमोर राहायचं असतं. ड्रोन घरीच ठेवा. अभयारण्यावर तो उडवता येत नाही, आणि त्याच्या आवाजानं कळप फांद्या सोडून उधळतो. तिनईघाट, कॅसलरॉककडे रेल्वेच्या रुळांवरून चालत जाणंही बेकायदा आहे, कुणी कितीही व्हिडिओ टाकले असले तरी.

वनखात्याचे बरेच कर्मचारी कन्नड बोलतात. "नमस्कार री, फोटो तेगीबहुदा?" एवढं म्हणालात तरी समोरचा माणूस मोकळा होतो. खानापूरच्या खेड्यांत मराठी सगळीकडे चालते.

४. सोबत काय घ्यायचं

- ७०-३०० किंवा १००-४०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स. यापेक्षा जास्त खर्च सुरुवातीला करू नका
- कॅमेऱ्याचा पट्टा, आणि तो गळ्यात किंवा आडवा खांद्यावर. मोबाईलला मनगटाची दोरी
- चेन लागणारी बॅग. उघड्या तोंडाची पिशवी, कापडी असो की प्लास्टिकची, नको
- फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, लांब मोजे, बूट
- साबणाची वडी आणि पाण्याची एक जादा बाटली. का, ते नवव्या पायरीत
- कीटकरोधक मलम

ट्रायपॉड लागत नाही. वानर काही एका जागी बसून राहत नाही.

५. खाणं दिसू देऊ नका, देऊ तर मुळीच नका

सगळ्यांत जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

खाण्याचे पदार्थ गाडीच्या डिकीत, बंद डब्यात ठेवा. प्लास्टिकच्या पाकिटाचा खुळखुळ आवाज माकडाला लांबून कळतो. दुचाकीच्या टाकीवर किंवा हँडलला पिशवी अडकवून "दोन मिनिटांत येतो" म्हणून गेलात तर ती जागेवर सापडेल याची खात्री नाही. गाडीच्या काचा पूर्ण वर करा. शक्य असेल तर बाजूचे आरसे दुमडून ठेवा, कारण आरशात दिसणाऱ्या स्वतःलाच दुसरं माकड समजून ती आरशावर तुटून पडतात.

फोटोसाठी केळं दाखवून माकडाला जवळ बोलावणं हा तर सरळसरळ अपाय आहे. रस्त्यावर खाणं मिळतं हे कळलं की कळप रान सोडून डांबरावर येऊन बसतो आणि पिल्लं गाड्यांखाली सापडतात. आया लहान पिल्लांना पोटाशी धरून कठड्यावर बसतात, शेजारून डंपर जातात. हे रोज बघणाऱ्या माणसाला ते बघवत नाही. रान भरपूर असताना आपण त्यांना त्या जागी आणून बसवतो. उद्या तेच माकड एखाद्या शाळकरी पोराच्या हातातला डबा ओढतं, पोरगं घाबरून मागे सरतं, आणि मग गाव म्हणतं माकडं पकडून न्या.

शनिवारी मारुतीरायाच्या नावानं केळी-शेंगदाणे घालणारे खूप आहेत. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदरच आहे. त्यांनी ती केळी देवळात गुरवाकडे द्यावीत, रस्त्यावर टाकू नयेत, एवढीच हात जोडून विनंती. अभयारण्याच्या हद्दीत प्राण्यांना त्रास देणं, चिडवणं आणि कचरा टाकणं याला तर कायद्यानंच मनाई आहे.

काही हिसकावलंच तर ओढाताण करू नका, चावा तिथंच बसतो. चष्मा किंवा टोपी असेल तर मागे सरका, लक्ष देऊ नका. खाता येत नाही हे कळल्यावर माकड ती वस्तू बहुधा टाकून देतं. बिस्किट देऊन वस्तू परत मिळवणारे लोक असतात. वस्तू मिळते खरी, पण माकडही शिकतं की चष्मा उचलला की बिस्किट मिळतं.

६. जवळ जाताना

जवळ जायचंच नाही, हे पहिलं. तुम्ही थांबा, त्यांना ठरवू द्या. कळप दिसला की लांबच उभे राहा, थोडे आडवे वळून, थेट त्यांच्याकडे रोखून न बघता. एकटक बघणं म्हणजे त्यांच्या लेखी आव्हान. मोठी लेन्स हा तर एक भलामोठा रोखलेला डोळाच, म्हणून दोन-चार फोटो काढा, कॅमेरा खाली घ्या, इकडेतिकडे बघा, पुन्हा उचला. काही वेळानं कळप तुम्हाला विसरून खाऊ लागतो, खेळू लागतो. खरं काम तिथून सुरू होतं.

इशारे ओळखा. लाल तोंडाचं माकड भुवया वर करून, तोंड उघडून एकटक बघत असेल तर ती धमकी आहे. ओठ मागे ओढून दात दाखवत असेल तर ते बहुधा घाबरलेलं असतं. लोक म्हणतात, "बघ, हसतंय," आणि अजून पुढे जातात. घाबरलेलं माकड कोपऱ्यात सापडलं तर चावतं. ओठांची चटचट हालचाल मात्र सलोख्याची. वानराचा नर दात कराकरा वाजवायला लागला किंवा फांद्या हलवत उड्या मारायला लागला की मागे या.

आई आणि पिल्लू यांच्या मध्ये कधीही येऊ नका. पिल्लू तुमच्या जवळ आलं तरी तुम्हीच बाजूला व्हा. पळू नका, पाठ फिरवू नका; रिकामे तळवे दाखवत हळूहळू मागे सरका.

आणि वानरं अचानक एकाच दिशेला बघत खोकल्यासारखा आवाज काढू लागली तर फोटोचा विचार बाजूला ठेवा. त्यांना बिबट्या दिसला असू शकतो. गाडीत बसा.

७. फोटो

वानराचा चेहरा काळा, अंग फिकट राखाडी. इथं कॅमेरा हमखास फसतो. चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग केलंत, म्हणजे प्रकाश फक्त त्या ठिपक्यापुरता मोजलात, तर चेहरा छान येतो, पण उन्हातली लव पांढरीफटक होते, आणि गेलेला तपशील परत येत नाही. म्हणून मीटरिंग पूर्ण चौकटीचं ठेवा, एक्सपोजर (फोटोचा उजेड) दोन तृतीयांश स्टॉप, म्हणजे -०.७ वर, कमी करा, रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाईलमध्ये) काढा आणि चेहऱ्याची सावली नंतर उजळा. त्याहून सोपं म्हणजे पातळ ढग असलेला दिवस निवडणं. सूर्य मागे असताना वानराच्या कडेनं रुपेरी रेघ उमटते. तो प्रकाश सकाळी थोडाच वेळ असतो.

फोकस डोळ्यावरच. काळ्या चेहऱ्यावर कॅमेऱ्याचं आपोआप डोळा शोधणं चुकू शकतं, म्हणून एकच बिंदू निवडून भुवईच्या कडेवर ठेवा. डोळ्यात प्रकाशाचा ठिपका दिसेपर्यंत थांबा. तो नसेल तर काळ्या चेहऱ्यात डोळे हरवतात.

शटरचा वेग: बसलेलं असेल तर १/२५० सेकंद, चालताना १/५००, उडीसाठी १/१६०० किंवा त्याहून वेगवान. दाट सावलीत आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नका. थोडे दाणे चालतात, हललेला फोटो चालत नाही. फ्लॅश कधीच नको.

उडीचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो, आणि सगळे पहिल्या उडीमागे कॅमेरा पळवतात. ती सोडून द्या. कळप एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना बहुतेक वानरं त्याच फांदीवरून त्याच मोकळ्या जागेत झेपावतात. पहिल्यानं वाट दाखवली की त्या मोकळ्या जागेवर चौकट बांधा, जिथं उतरतात त्या फांदीवर फोकस करून ठेवा आणि बर्स्ट (एकामागून एक भराभर फोटो) चालू करा. दुसरं, तिसरं, मग पोटाला पिल्लू घट्ट धरलेली मादी... ओळीनं येतात.

लेन्स पूर्ण ताणून नुसता चेहरा भरू नका. थोडं मागे या. ऐनाचं खोड, उंबराच्या फळांचा घोस, खालचं भाताचं खाचर दिसू द्या. फोटो इथला आहे हे त्यानं कळतं.

मोबाईल असेल तर डिजिटल झूम टाळा, नंतर कापून घ्या. पाठ करून सेल्फी तर अजिबात नको.

८. शेतकऱ्यांशी बोला

कळप अनेकदा शिवाराच्या कडेला असतो. भात, ऊस, मका, केळी, नारळ, उन्हाळ्यात काजूची बोंडं आणि फणस, सगळ्यावर त्यांची धाड पडते. रात्रंदिवस राखण करणाऱ्या माणसासमोर "किती गोड आहे ना!" असं म्हणत त्याच्या बांधावर चढू नका. आधी रामराम करा, विचारा, "काका, बांधावर उभं राहू का?" बहुतेक जण हो म्हणतात, वर कळप कधी कुठून येतो हेही सांगतात. त्यांच्याइतकी अचूक माहिती कुणाकडेच नसते. ते गलोल किंवा फटाका घेऊन हुसकावत असतील तर वाद घालू नका. पोट त्यांचं त्या पिकावर आहे.

९. चावा किंवा ओरखडा लागला तर

जखम किरकोळ दिसली तरी लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट, काहीही भरू नका. मग थेट दवाखान्यात: खानापूरचं तालुका रुग्णालय किंवा बेळगावचं सिव्हिल हॉस्पिटल. रेबीजची लस त्याच दिवशी सुरू व्हायला हवी. रक्त आलं असेल तर जखमेभोवती द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शनही. पुढचे डोस ठरलेल्या तारखांना गावी परतल्यावरही घ्यावे लागतात, म्हणून कार्ड जपून ठेवा. ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

१०. गोचीड आणि माकडताप

हा ताप पहिल्यांदा १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात ओळखला गेला. तो पसरतो गोचिडीच्या चावण्यानं, आणि या रोगानं माकडं, वानरंही मरतात. आपल्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये त्याची साथ आली होती. डिसेंबर ते मे हा त्याचा जोराचा काळ, म्हणजे फोटोंच्या उत्तम मोसमातच.

म्हणून पाचोळ्यावर बसू नका, आडवे तर पडूच नका. विजारीचे पाय मोज्यांत खोचा, उघड्या अंगाला मलम लावा. रानातून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणानं अंघोळ करा, गुडघ्यांमागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली नीट बघा. गोचिडीची पिल्लं तिळाहून बारीक असतात.

रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटोसाठीही नाही. जागा लक्षात ठेवा आणि जवळच्या वन किंवा आरोग्य कर्मचाऱ्याला कळवा. गावकऱ्यांना त्याचा फार उपयोग होतो.

परत गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंग मोडून आलं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की रानात जाऊन आलोय. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना हे सुचेलच असं नाही. कुठल्या गावच्या रानात आणि कुठल्या तारखेला गेला होता, हे फोटोंच्या तपशिलात असतंच, ते दाखवा.